ओल्या लाकडाचा वाडगा वाळताना तडकतो? माझा अनुभव

लेथवर (लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर) आंब्याच्या लाकडाचा ओला वाडगा उतरवला की चार दिवसांत काठापासून तळाकडे तडा जायचा. पुण्यातल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत तर रात्रीतच. सावलीत ठेवला, तेल चोपडलं, तड्यात फेविकॉल भरला. काही उपयोग नाही. पाच वाडगे गेले, फार जीव तुटला.

शेवटी जमलं ते असं. ओंडका मधोमध उभा चिरून गाभा, म्हणजे ओंडक्याच्या अगदी मधला बारीक मऊ भाग, पूर्ण काढून टाकला. तडा बहुतेक तिथूनच सुरू होतो. मग वाडगा जाडच कातला: व्यासाचा दहावा भाग, म्हणजे 250 मिमीला 25 मिमी, तळ आणि काठ सारख्याच जाडीचे. त्याच दिवशी, तासाभरात, लाकडाच्या रेषांची टोकं उघडी पडतात त्या दोन्ही बाजूंना वितळवलेलं मेण लावलं. त्याच वाडग्याच्या ओल्या छिलक्यांसह कागदी पिशवीत घालून पंख्यापासून दूर, फरशीवर ठेवला. प्लास्टिक नको, बुरशी येते.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून पिशवीवरच लिहिलं. सलग तीन आठवडे आकडा हलला नाही, तेव्हाच बाहेर काढला. वाडगा लंबगोल होतो, ते ठीकच. म्हणून तोंड चकवर (लेथच्या फिरत्या पकडीवर) टेकवून, मागून टेलस्टॉकने (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या आधाराने) दाबून आधी तळाचा, चकमध्ये पकडायचा उंचवटा पुन्हा गोल केला, मग वाडगा 8 मिमी जाडीपर्यंत कातला. एकही तडा नाही.