हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह बदलताना

व्हॉल्व्ह, म्हणजे ध्वनीचा संकेत वाढवणारी काचेची निर्वात नळी, बदलण्यापूर्वी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून प्लग भिंतीतून काढावा आणि काच हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबावे. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून खालचे झाकण उघडू नये. व्हॉल्व्ह काचेच्या बुडाशी धरून, अगदी किंचित हलवत सरळ वर ओढावा. आडवा वाकवल्यास पिना वाकतात, क्वचित काचही तडकते. नवा बसवताना नऊ पिनांमधील रुंद फट सॉकेटच्या रुंद फटीसमोर आणावी आणि मगच दाब द्यावा. काचेच्या आतला चंदेरी मुलामा पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरलेली असते. असा व्हॉल्व्ह लावूच नये.

पिना जुळल्या म्हणजे व्हॉल्व्ह चालेलच, असे मात्र नाही, आणि माझ्या मते खरी काळजी येथेच घ्यायला हवी. ६डीजे८ या प्रकारच्या व्हॉल्व्हच्या जागी अनेकजण रशियन ६एन१पी लावतात. दोघांचा हीटर (व्हॉल्व्हमधली तापणारी तार) ६.३ व्होल्टचाच, परंतु पहिला सुमारे ३६५ मिलिअँपिअर घेतो, तर दुसरा ६००. हा जादा भार ट्रान्सफॉर्मरवर पडतो आणि तो तापत राहतो. म्हणून उत्पादकाने ज्याला संमती दिली आहे, तोच पर्याय निवडावा.

अ‍ॅम्प्लिफायर बंद कपाटात किंवा दुसऱ्या उपकरणावर ठेवू नये. वरची बाजू मोकळी असावी आणि तळाची छिद्रे टेबलक्लॉथने झाकली जाऊ नयेत. नवा व्हॉल्व्ह तापून स्थिर होईपर्यंत हेडफोन जोडू नयेत, कारण सुरुवातीचा विजेचा झटका हेडफोनमधल्या नाजूक ड्रायव्हरला (आवाज काढणाऱ्या भागाला) इजा करू शकतो.