मायलेजसाठी अरुंद टायर, हलकी रिम

गाडीच्या दारातल्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये कंपनीने मान्य केलेले सगळे टायर साइज असतात. त्यातला सगळ्यात अरुंद साइज निवडा. उदाहरणार्थ, २०५/५५ आर१६ ऐवजी १९५/६५ आर१५ (क्रमाने रुंदी मिमीमध्ये, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, आणि 'आर'पुढे रिमचा व्यास इंचात). पहिल्याचा बाहेरचा व्यास साधारण ६३२ मिमी, दुसऱ्याचा ६३४.५, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास तसाच राहतो. व्यास कमी झाला तर मीटर जास्त किलोमीटर दाखवतो आणि मायलेज वाढल्याचा नुसता भास होतो. अनेकजण इथेच फसतात.

रिम घेण्याआधी पीसीडी (नटांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून ती हबला टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर), मधल्या भोकाचा व्यास जुळवा. १५ इंची रिम पुढच्या ब्रेक कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) घासत नाही ना, हे नट आवळून, चाक हाताने फिरवून बघा. अलॉय म्हणजे हलकीच, असं नाही. स्वस्त कास्ट अलॉय कधीकधी स्टीलइतकीच जड भरते. सरळ वजनकाट्यावर ठेवा.

हलक्या चाकाचा फायदा शहरात, थांबत-निघत चालवताना. हायवेवर एकसारख्या वेगात वजनाने फारसा फरक पडत नाही, तिथे अरुंद टायर हवा कमी अडवतो. पण खरा मोठा फरक रबर आणि बांधणीचा: रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना रस्त्यावर होणारा विरोध) जास्त असलेला अरुंद टायर घेतलात तर सगळी मेहनत पाण्यात.

लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा टायरवरचा क्रमांक) मात्र मूळपेक्षा खाली नको (९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो). हवा थंड टायरमध्ये, स्टिकरवर त्या साइजपुढे दिली असेल तेवढीच. नवा टायर ओल्या रस्त्यावर कसा थांबतो, तेही तपासा.