लॉची सीईटी दिली, पर्सेंटाइल आलं... आता कॅपची वाट बघताना काय करायचं?

तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, देऊन निकाल हातात घेऊन बसलेल्यांसाठी लिहितेय. इंजिनिअरिंगवाल्यांची धावपळ आपल्याकडे नसते, आपल्याकडे नुसतं लांबत जातं. आमच्या वेळी गणपती येऊन गेले तरी कॉलेजचा पत्ता नव्हता आणि शेजारच्या काकू रोज जिन्यात गाठून "काय गं, लागला का नंबर?" शेवटी सांगून टाकलं, काकू, नंबर लागला की पेढे मीच आणून देते, तोवर विचारू नका.

तर आधी महत्त्वाचं. सीईटीचा फॉर्म वेगळा आणि कॅपचा, म्हणजे कॉलेज मिळवायच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, वेगळा. चांगला स्कोअर आलेले लोक सुद्धा "आता लिस्ट लागेल" म्हणून निवांत बसतात आणि कॅप रजिस्ट्रेशनची तारीख निघून जाते. म्हणून ही प्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलची साइट स्वतः उघडून बघायची, टेलिग्राम ग्रुपवर "लिस्ट उद्या लागणार, पक्की खबर" असं दर दोन दिवसांनी येतं त्याच्यावर जायचं नाही. आणि सिम्बायोसिस आणि भारती विद्यापीठाचं न्यू लॉ ही अभिमत विद्यापीठातली आहेत, ती कॅपमध्ये शोधत बसू नका, त्यांची प्रवेश प्रक्रिया वेगळी. एनएलयूचं, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांचं, पाच वर्षांचं क्लॅट या देशपातळीवरच्या परीक्षेवरून, ते तर अजूनच वेगळं.

रजिस्ट्रेशन झालं की ई-स्क्रूटिनी, म्हणजे कागदपत्रांची ऑनलाइन तपासणी. खरी वाट बघायची ती इथे, कारण एखादं कागदपत्र पुसट दिसलं किंवा चुकीचं असलं की अर्ज तुमच्याकडे परत येतो आणि तो मुदतीत दुरुस्त करून पाठवायचा असतो. माझ्या एका मैत्रिणीची मार्कशीट मोबाईलवर फोटो काढून टाकलेली, कोपरा कापलेला, आला परत. तिने रोज लॉगिन करायची सवय ठेवली होती म्हणून वेळेत कळलं. कॅटेगरीतून भरणाऱ्यांनी नॉन क्रिमिलेअर सर्टिफिकेट चालू मुदतीचं आहे ना हे आत्ताच बघा, नसेल तर अर्ज ओपनमध्ये धरला जातो, आणि सेतू केंद्रातल्या रांगा जून-जुलैत कशा असतात हे पुणेकरांना सांगायला नको. ईडब्ल्यूएसचं (आर्थिक दुर्बल घटकाचं) सर्टिफिकेट महाराष्ट्र शासनाच्या नमुन्यातलंच काढा.

मग तात्पुरती मेरिट लिस्ट लागते. त्यात नाव, मार्क, कॅटेगरी एकेक अक्षर तपासा, कारण ग्रिव्हन्सची, म्हणजे तक्रार नोंदवायची, सोय त्यासाठीच आहे आणि फायनल लिस्ट लागल्यावर बोलून फार उपयोग नसतो. पर्सेंटाइलपेक्षा तुमचा मेरिट नंबर बघा आणि गेल्या वर्षीच्या कटऑफमध्येही मेरिट नंबरच बघा, अंदाज त्यावरून जास्त बरा येतो.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरताना सगळे डोळे झाकून पुण्याचं आयएलएस एक नंबरला टाकतात. टाका की, 1924 सालचं कॉलेज आहे, लॉ कॉलेज रोडला नाव त्याच्यामुळे, मागे टेकडी. पण त्याच्याखाली काय टाकताय त्याचा विचार जास्त करा. बार कौन्सिलचा 70 टक्के हजेरीचा नियम आहे, नोकरी करणाऱ्यांनी तर हे आधी बघावं, हिंजवडीत ऑफिस आणि कॉलेज गावाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर ती हजेरी भरणार कशी? काही कॉलेजांत अनुदानित आणि विनाअनुदानित दोन्ही जागा असतात आणि फीमध्ये चांगलाच फरक पडतो, तेव्हा ऑप्शन टाकताना कुठली जागा आहे ते नीट वाचा. नको असलेलं कॉलेज "असू दे" म्हणून टाकू नका, तेच लागतं.

मधल्या वेळात "सीट फिक्स करून देतो" म्हणणारे फोन येतील. कट करा.

आणि रिकामा वेळ? शिवाजीनगर कोर्टात जाऊन बसा. कोर्टाचं कामकाज सहसा खुलं असतं, मोबाईल सायलेंट करून मागच्या बाकावर गप्प बसलं तर कोणी उठवत नाही. पहिल्या दिवशी नुसत्या तारखा पडताना दिसतील, कंटाळा येईल, तरी जा, वकिली हे टीव्हीवरचं भाषण नाही हे तिथेच कळतं आणि ॲडमिशन घ्यायची का नाही ते पण ठरतं. पुस्तकांचं म्हणाल तर अप्पा बळवंत चौकात जुनं आयपीसी स्वस्तात मिळालं म्हणून उचलू नका, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यापेक्षा राज्यघटना आणि 1872 चा करार कायदा वाचायला घ्या, दोन्ही लागणारच आहेत.

अलॉटमेंट आली की मुदतीत सीट ॲक्सेप्ट करून ओरिजिनल कागदपत्रं घेऊन कॉलेजला रिपोर्ट करायचं. जुन्या कॉलेजातून एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) आत्ताच काढून ठेवा, बाहेरच्या विद्यापीठाचे असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट पण, आणि एलसी जमा करण्याआधी तिच्या चार-पाच झेरॉक्स मारून घ्या, एकदा दिली की परत हातात येत नाही.