वाचनालयातला जुना कॉम्प्युटर सुरू होत नाही? आधी तो कुठे अडलाय ते बघा

पंचवटीतल्या आमच्या छोट्या वाचनालयाचे कॉम्प्युटर मीच सांभाळते. पुस्तकांची देवघेव त्यांच्यावरच चालते आणि अभ्यासिकेतली मुलं एमपीएससीचे फॉर्मही तिथेच भरतात. एखादं मशीन बंद पडलं की लगेच कुणीतरी म्हणतं, "फॉरमॅट मारून टाका." कळकळीने सांगते, असं करू नका. लाइटच लागत नाही, पंखा फिरतो पण स्क्रीन काळी राहते, कंपनीचं नाव येऊन थांबतं, की विंडोज अर्ध्यावर अडकतं, हे आधी नीट बघा. चारही ठिकाणी उपाय वेगळा आहे.

लाइटच नसेल तर बोर्डाचं बटण आणि यूपीएस तपासा, शेजारच्या चालू मशीनची पॉवर केबल लावून पाहा. मग केबल काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा जोडा. तरीही हूं की चूं नाही, तर एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, गेल्याची शक्यता जास्त. तो स्वतः उघडू नका, पिन काढल्यावरही आत करंट साठलेला असतो. नवा बसवून घ्या.

पंखा फिरतोय पण डिस्प्ले नाही, ही पावसाळ्यातली नेहमीची तक्रार. मॉनिटरची केबल घट्ट आहे ना, ते आधी बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच हवी. मग रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी. पॉवरची केबल काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, दोन्ही टोकांच्या क्लिपा उघडून रॅम सरळ वर काढा. दमट हवेने सोनेरी पिनांवर काळपट थर धरतो. साध्या पांढऱ्या खोडरबराने तो हलक्या हाताने घासा, रबराचा चुरा ब्रशने झटका आणि स्लॉटमधली धूळही काढा. बसवताना दोन्हीकडून 'टक्' आवाज यायलाच हवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा. बीप वाजत असतील तर मोजून लिहून ठेवा. त्यांचा अर्थ प्रत्येक बायोसमध्ये (मशीन सुरू करणारा, मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम) वेगळा असतो. मुख्य सर्किट बोर्डवरच्या कपॅसिटरची, म्हणजे छोट्या नळकांड्यांची, डोकी फुगलेली दिसली तर मात्र तो मदरबोर्डच थकला आहे.

तारीख रोज मागच्या एखाद्या वर्षावर जाते, 'एफ-वन दाबा' असं येतं, वेबसाइटी उघडत नाहीत? मदरबोर्डवरचा गोल सेल संपला. सीआर२०३२, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पण एक गोष्ट फार कमी जण सांगतात. सेल संपला की बायोसची सेटिंग मूळपदावर जातात, त्यात हार्ड डिस्कचा मोडही (मशीन डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतं ते) बदलू शकतो. आमच्या देवघेवीच्या मशीनवर निळी स्क्रीन आणि ७बी हा कोड येत होता. दुरुस्तीवाल्याने डिस्क गेली म्हणून सांगितलं. मी बायोसमध्ये हाच मोड, तिथलं नाव साटा मोड, 'एएचसीआय'वरून पूर्वीसारखा 'आयडीई' केला आणि सगळ्या नोंदींसकट विंडोज उघडलं. म्हणून चालू मशीनच्या बायोसचे फोटो आजच काढून ठेवा.

'बूट डिव्हाइस' सापडत नाही असा मेसेज आला तर आधी कुणाचा पेन ड्राइव्ह राहिलाय का पाहा, हे फार वेळा होतं. मग बायोसमधला बूटचा क्रम (मशीन आधी कुठून सुरू व्हायचं ते) आणि डिस्कची साटा केबल. पण डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन पुन्हा पुन्हा सुरू करू नका. प्रत्येक वेळी डिस्क आणखी खराब होते. ती काढून दुसऱ्या मशीनला जोडा आणि सर्वांत आधी देवघेवीचा डेटाबेस कॉपी करा. नाशिकचं १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय असो की आमच्यासारखं गल्लीतलं, सभासदांच्या नोंदी विकत मिळत नाहीत.

डिस्क बदलायचीच असेल तर एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) घ्या, जुनं मशीनही चटकन उघडू लागतं. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नुसत्या इंटरनेटसाठी ठेवलेल्या मशीनवर विंडोजऐवजी हलकं, मोफत मिळणारं लिनक्स टाकायला हरकत नाही. देवघेवीच्या मशीनवर मात्र तुमचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का, हे आधी विचारून घ्या.