रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांकडून बालरुग्णांचा सराव कसा करून घ्यावा

108 रुग्णवाहिकेवरील डॉक्टर आणि पायलट, म्हणजे गाडीचा चालक, यांच्या वाट्याला अत्यवस्थ मूल क्वचितच येते आणि क्वचित करायच्या कामाला हात बसत नाही. म्हणून वर्षातून एकदा सभागृहात व्याख्याने ठेवण्यापेक्षा दर महिन्याला अर्धा तास गाडीतच, गाडीतल्याच साहित्यावर सराव घ्यावा. पायलटला त्यातून वगळू नये, कारण घटनास्थळी डॉक्टरच्या मदतीला बहुतेक वेळा तोच असतो.

पहिला धडा मुलाला हात न लावता द्यावा. मूल नजर देते का, अंग ढिले पडले आहे का, नाकपुड्या फुलून बरगड्यांमध्ये खळगे पडत आहेत का आणि त्वचा फिकट, निळसर किंवा चट्टेदार दिसते का, हे अर्ध्या मिनिटात दारातूनच टिपायला शिकवावे. मोठ्याने रडणाऱ्या मुलाचा श्वासमार्ग निदान त्या क्षणी तरी मोकळा असतो. गप्प पडलेल्या मुलाकडे आधी धावावे. रक्तदाब चांगला आहे म्हणून निर्धास्त होणे मुलांच्या बाबतीत घातक ठरते, कारण तो अगदी उशिरा कोसळतो.

सर्वाधिक वेळ श्वासावर घालवावा. मोठ्यांचे हृदय अनेकदा हृदयविकाराने बंद पडते, मुलांचे मात्र बहुधा श्वास खालावल्यामुळे. तान्ह्या बाळाचे डोके मागून मोठे असल्याने मान पुढे वाकते, त्यासाठी खांद्याखाली टॉवेलची घडी ठेवावी. मास्क नाकाच्या उंचवट्यापासून हनुवटीपर्यंत बसावा, डोळ्यांवर दाब येऊ नये, आणि छाती जेमतेम वर येईल इतकीच अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबावी. जास्त हवेने पोट फुगते. श्वास देऊनही ठोके मिनिटाला 60 पेक्षा कमी राहिले आणि रक्ताभिसरण खालावलेले दिसले, तर छातीवर दाब सुरू करावेत. दोघे असतील तर 15 दाबांमागे 2 श्वास, गती मिनिटाला 100 ते 120, खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश.

औषधांच्या मात्रेची चूक घाईतच होते. वजन माहीत नसल्यास 1 ते 10 वर्षे वयासाठी वयात 4 मिळवून दुप्पट करावी: 4 वर्षांचे मूल अंदाजे 16 किलोचे. हृदय थांबले असता 1 मिलीग्रॅम अॅड्रेनालिनच्या 1 मिलीलिटर कुपीत 9 मिलीलिटर सलाईन मिसळून शिरेतून किलोमागे 0.1 मिलीलिटर द्यायचे, म्हणजे या मुलाला 1.6 मिलीलिटर. एकाने आकडा मोठ्याने म्हणावा, दुसऱ्याने तक्त्यावर पडताळावा.

सरावाचे प्रसंग आपल्याच जिल्ह्यातले निवडावेत. गुऱ्हाळावर काहिलीतला गरम रस अंगावर सांडलेल्या मुलाचा भाजलेला भाग 20 मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा, मात्र उरलेले अंग उबदार ठेवावे, कारण मुले फार लवकर गार पडतात. उसाच्या फडात साप चावलेल्या मुलाचा प्रसंगही घ्यावा. सर्पविषाच्या लसीची मात्रा वजनाप्रमाणे कमी करायची नसते, हे अनेकांना नव्याने सांगावे लागते. गगनबावड्याहून कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयापर्यंतचे सुमारे 55 किलोमीटर अंतर धरून, वाटेत झटके आले तर कोण काय करील, हेही गाडीत बसूनच ठरवावे. आईला मुलाच्या नजरेसमोर बसवावे, पण चालत्या गाडीत मूल तिच्या मांडीवर न देता पट्ट्यांनी बांधावे.

प्रत्येक सराव रुग्णालयाला फोनवर द्यायच्या निरोपाने संपवावा: वय, अंदाजे वजन, काय घडले, श्वास कसा आहे, काय व किती वाजता दिले.