अळूवडीचे उंडे आदल्या रात्रीच वाफवा

रविवारी पाहुणे लोकलने ठाण्याला येणार, मेगाब्लॉक असला तर नेमके कधी पोहोचतील सांगता येत नाही. त्यात पुऱ्या, मसालेभात, आमटी. मग अळूवडीची घाई होते आणि कोमट उंडा कापताना पानं सुटतात.

१. शनिवारी जांभळी नाक्यावरून काळ्या देठाची पानं आणा. मागच्या जाड शिरा सुरीने तासा, वरून लाटणं फिरवा.
२. बेसनात चिंच-गुळाचा कोळ, तिखट, हळद, धणे-जिरेपूड, तीळ, मीठ. पीठ घट्टच हवं, पानावरून ओघळता कामा नये.
३. पानांना हे पीठ लावून घट्ट उंडे गुंडाळा आणि वीस मिनिटं वाफवा. सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झालं.
४. पूर्ण गार झाल्यावर डब्यात झाकून फ्रिजमध्ये.

सकाळी गार उंड्याच्या अर्ध्या इंचाच्या चकत्या सुबक पडतात, कडेचा चुराही होत नाही. पाहुणे हातपाय धुवून बसले की तव्यावर थोड्या तेलात खमंग परता. खोबरं मात्र वाढतानाच भुरभुरवा.

चिंचेत काटकसर नको, नाहीतर घशाला खाज सुटते. चार उंडे जास्त करा, संध्याकाळी डब्यात बांधून द्यायला लागतातच.