रिपोर्टमधला ‘आर’ वाचताना या चुका टाळा

कल्चरचा, म्हणजे नमुन्यातला जीवाणू वाढवून त्यावर कोणती औषधं चालतात हे तपासल्याचा, रिपोर्ट हातात पडला की वॉर्डाबाहेर थांबलेली माणसं आधी एकच गोष्ट मोजतात: किती औषधांसमोर ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही) आलाय. मग हळूच विचारतात, “यांच्या अंगाला आता औषधच लागत नाही का हो?” फोंड्यात विचारतात, डिचोलीत विचारतात, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात सावंतवाडी-दोडामार्गहून आलेले लोकही हेच विचारतात. काळजीपोटी विचारलेला प्रश्न आहे, पण त्यातच पहिली चूक आहे.

अंगाला सवय होत नाही

प्रतिरोध रुग्णाच्या अंगात नसतो, जीवाणूत असतो. जन्मात एकही अँटिबायोटिक न घेतलेल्या माणसालाही आयसीयूत सगळ्या औषधांना दाद न देणारा क्लेबसिएला किंवा अ‍ॅसिनेटोबॅक्टर गाठू शकतो. तो कॅथेटरवरून, व्हेंटिलेटरच्या नळीतून, कुणाच्या न धुतलेल्या हातावरून येतो, आणि येतानाच आपली जनुकं घेऊन येतो. म्हणून “आमच्या माणसाने कधी गोळ्या खाल्ल्याच नाहीत, रिपोर्ट चुकला असेल” असं म्हणून तो बाजूला ठेवू नका.

औषध जीवाणूला काही शिकवत नाही

अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिन मोडून टाकणारं विकर (एन्झाइम) १९४० सालीच नोंदवलं होतं. तेव्हा पेनिसिलिन रुग्णांपर्यंत नीट पोहोचलंही नव्हतं. कॅनडाच्या गोठलेल्या जमिनीतल्या ३०,००० वर्षांपूर्वीच्या डीएनएमध्ये पेनिसिलिनच्या गटाला, टेट्रासायक्लिनला, अगदी व्हँकोमायसिनलाही तोंड देणारी जनुकं सापडली आहेत. म्हणजे हत्यारं आधीपासून आहेत. औषध फक्त निवड करतं: बिनहत्यारी मरतात, हत्यारवाले उरतात आणि वाढतात.

ही निवड आजाराच्या जागी होते तशी आतड्यातही होते, आणि नुकसान तिथे जास्त होतं. पावसाळ्यातल्या विषाणूच्या तापावर घेतलेली गोळी विषाणूचं काही बिघडवत नाही, पण आतड्यातले साधे जीवाणू मारून प्रतिरोधींना जागा करून देते. प्रतिरोधाची जनुकं बऱ्याचदा प्लाझ्मिडवर असतात. डीएनएचं हे सुटं वर्तुळ एक जीवाणू दुसऱ्याला, दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही, थेट देऊ शकतो. एकाच प्लाझ्मिडवर चार-पाच औषधगटांची जनुकं शेजारी शेजारी बसलेली असतात, त्यामुळे एक औषध वापरलं तरी निवड पाचांचीही होते. चवथीला ताप आला म्हणून कपाटातल्या उरलेल्या गोळ्या काढू नका. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिनं आणि कार्बापेनेम ही औषधं २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, फार्मसीवाल्याला त्यांच्या विक्रीची नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. चिठ्ठीशिवाय ती मागून दुकानदाराला अडचणीत टाकू नका.

“हायर अँटिबायोटिक द्या”

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती नातेवाइकांपुरती नाही. औषधांची एक शिडी आहे, खालची चालली नाही की वरची चालणारच, असा समज वॉर्डात खोल रुजलेला आहे. रेणूंच्या पातळीवर अशी शिडीच नाही.

पेनिसिलिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, मेरोपेनेम या सगळ्यांच्या पोटात चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं, बीटा-लॅक्टम. जीवाणू आपली भिंत बांधताना साखळ्यांना आडवे टाके घालतो. टाके घालणारं विकर या कड्याला आपलाच कच्चा माल समजून धरतं आणि तिथेच अडकून बसतं. भिंत कच्ची राहते, जीवाणू फुटतो. बीटा-लॅक्टमेज नावाची विकरंही कडं असंच धरतात, पण पाण्याचा एक रेणू वापरून ते तोडतात आणि पुढच्या रेणूसाठी मोकळी होतात. ईएसबीएल म्हणजे याच जातीची विकरं, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनपर्यंत मजल गेलेली. औषधाला जोडून दिलेलं क्लॅव्हुलॅनेट यांना अडवतं.

एमआरएसएचं, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जीवाणूचं, दुखणं वेगळं. तिथे कडं तुटतच नाही. मेक-ए जनुकामुळे त्याच्याकडे टाके घालणारं वेगळंच विकर असतं, पीबीपी-२ए, आणि नेहमीची बीटा-लॅक्टम औषधं त्याला धड चिकटत नाहीत. मेथिसिलिन हे बीटा-लॅक्टम औषध १९५९ मध्ये आलं, १९६१ मध्ये इंग्लंडमधून असा स्टॅफिलोकॉकस नोंदला गेला. इथे क्लॅव्हुलॅनेट जोडून काय होणार? मोडणारं विकर हा प्रश्नच नव्हता. एमआरएसएवर व्हँकोमायसिन चालतं, म्हणून काही जण त्याला ‘हायर’ समजतात. पण क्लेबसिएलासमोर ते निरुपयोगी आहे. या जीवाणूंच्या बाहेरच्या आवरणात पोरिन नावाची बारीक भोकं असतात आणि व्हँकोमायसिनचा रेणू त्यांतून आत जाण्याइतका लहान नाही.

स्युडोमोनास या जीवाणूच्या रिपोर्टात कधीकधी इमिपेनेम (मेरोपेनेमच्याच गटातलं) ‘आर’ आणि सेफ्टाझिडिम ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध चालतं) दिसतं. लोक म्हणतात, उलटं कसं झालं, लॅबने घोळ घातला. घोळ नाही. इमिपेनेम ज्या पोरिनमधून आत शिरतं ते ओपीआरडी जीवाणूने बंद केलं. सेफ्टाझिडिमला त्या वाटेची गरज नव्हती.

आणि एनडीएम, मेरोपेनेमही तोडणारं बीटा-लॅक्टमेज. २००८ साली स्वीडनमधल्या एका रुग्णात, जो आधी भारतात उपचार घेऊन गेला होता, ते पहिल्यांदा सापडलं. या विकराच्या गाभ्यात झिंकचे दोन अणू असतात आणि पाण्याच्या रेणूला तेच कामाला लावतात. अ‍ॅव्हिबॅक्टमसारखा अडवणारा रेणू गाभ्यात सेरीन हे अमिनो आम्ल असलेल्या विकरांना पकडतो. इथे ते सेरीनच नाही, म्हणून सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम हे नवं, महागडं औषध एकटं दिलं तर फुकट जातं. अ‍ॅझट्रिओनाम मात्र जुनं असूनही एनडीएमला तोडता येत नाही. अडचण एवढीच, की त्याच जीवाणूत बहुधा ईएसबीएलही असतं आणि ते अ‍ॅझट्रिओनाम तोडतं. म्हणून दोन्ही एकत्र देतात: अ‍ॅव्हिबॅक्टम ईएसबीएलला रोखतं, अ‍ॅझट्रिओनाम एनडीएममधून सहीसलामत निसटून भिंतीच्या विकरापर्यंत पोहोचतं. हे मला प्रत्येक वेळी नव्याने सुंदर वाटतं. यंत्रणा माहीत होती म्हणून ही वाट सुचली. त्यामुळे डॉक्टरांना विचारायचंच असेल तर “यापेक्षा वरचं कुठलं?” असं न विचारता “यात कोणतं विकर निघालं, लॅबने तपासलं का?” असं विचारा.

प्लेटवर होणारी गडबड

हे लॅबमधल्या मुलामुलींसाठी. गोव्याचा पावसाळा डिस्कच्या, म्हणजे प्लेटवर ठेवायच्या औषध भरलेल्या कागदी चकत्यांच्या, मुळावर उठतो. फ्रीझरमधून काढलेला कार्ट्रिज लगेच उघडला तर हवेतली ओल डिस्कवर धरते, आणि ओलीत इमिपेनेम आणि क्लॅव्हुलॅनेट सगळ्यात आधी मरतात. मग झोन (डिस्कभोवतीचा जीवाणू न वाढलेला गोल) लहान येतो आणि चांगल्या औषधासमोर खोटा ‘आर’ पडतो. कार्ट्रिज खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच ठेवा. एखाद्या आठवड्यात इमिपेनेम ‘आर’ अचानक वाढलेले दिसले तर नव्या साथीची आरोळी ठोकण्याआधी ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा तपासणीसाठीचा प्रमाणित जीवाणू लावून बघा. त्याचाही झोन आखूड आला तर दोष डिस्कचा किंवा प्लेटचा. आगर (प्लेटमधली जेली) ४ मिलिमीटरपेक्षा जाड ओतलं, किंवा जीवाणू ०.५ मॅकफारलंडपेक्षा (हे गढूळपणाचं माप) दाट पसरले, तरी हेच होतं. आगर पातळ ओतलं तर उलट खोटा ‘एस’ मिळतो, आणि तो जास्त घातक.

स्टॅफिलोकॉकस असेल तर एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनच्या डिस्क लांब लांब ठेवू नका. १५ ते २६ मिलिमीटर अंतर हवं. प्लेट उजेडासमोर तिरकी धरा. क्लिंडामायसिनभोवतीचा गोल एरिथ्रोमायसिनच्या बाजूने सपाट झालेला दिसला, इंग्रजी डी अक्षरासारखा, तर त्या जीवाणूत ईआरएम जनुक झोपलेलं आहे आणि एरिथ्रोमायसिनने ते जागं केलं. ते रायबोसोमवर, म्हणजे जीवाणूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, मिथाइल गट बसवतं, क्लिंडामायसिनला पकड मिळत नाही. नुसता व्यास मोजून ‘एस’ लिहिलंत तर उपचार मध्येच फसू शकतो. हे ‘आर’ म्हणूनच कळवायचं.

कोलिस्टिनसाठी डिस्क वापरू नका. रेणू मोठा, आगरात धड पसरत नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन करा, म्हणजे औषधाच्या वेगवेगळ्या प्रमाणांच्या द्रवात जीवाणू वाढतो का ते बघा.

एमआयसीचे (जीवाणूची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाचे) आकडे एकमेकांशी ताडणं हीसुद्धा नेहमीची चूक. एका औषधासमोर ०.५ आणि दुसऱ्यासमोर ४ असेल तर पहिलं आठपट चांगलं, असं होत नाही. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी ठरलेली असते, आकडा त्या मर्यादेशीच ताडायचा.

‘एस’ आहे, तरी ताप हटत नाही

लगेच प्रतिरोधाला दोष देऊ नका. कॅथेटरवर बायोफिल्म असेल तर आतले जीवाणू चिकट आवरणात वाढ थांबवून बसलेले असतात, आणि जो भिंत बांधतच नाही त्याला भिंतीवरचं औषध मारणार कसं? अशा वेळी जनुक बदललेलं नसतं, नळी बदलावी लागते. पू साचला असेल तर तो काढावा लागतो.

नमुना घेताना दोन गोष्टी सांभाळा. कल्चर पहिल्या डोसच्या आधी घ्या. आणि कॅथेटर असेल तर लघवीच्या पिशवीतला नमुना कधीच पाठवू नका. पिशवीत जीवाणू तासन् तास वाढत असतात, त्यांचा रोग्याच्या तापाशी संबंध असेलच असं नाही. नळीवरच्या पोर्टमधून, तो पुसून घेऊन, सुईने नमुना काढा आणि दोन तासांच्या आत लॅबला पोहोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. पेडण्याहून किंवा वाळपईहून नमुना जाणार असेल तर बर्फाचा डबा आधीच तयार ठेवा.